झेड-फोरला मागे २५५ चे टायर : इंदूरच्या रस्त्यांवर दहा महिने

जुनी बीएमडब्ल्यू झेड-फोर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली, ई८९ पिढीची, तेव्हा तिच्या पायात १९ इंची अलॉय रिम होते. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेले, काळे, बारीक आऱ्यांचे. टायर पुढे २२५/३५, मागे २५५/३० : पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या टक्क्यांत. गाडी सोसायटीत उभी असली की पोरं फोटो काढायची, आणि ती दिसायचीही देखणी. सातव्या आठवड्यात अन्नपूर्णा रोडवरून रात्री घरी येत होतो. सिमेंटचा रस्ता संपून डांबर लागतं तिथल्या कडेला मागचं डावं चाक आदळलं. आवाज असा झाला की माझ्याच छातीत धस्स झालं. गाडी सरळ चालत होती म्हणून तसाच घरी आलो. सकाळी गाडी धुताना साइडवॉलवर हात फिरवला तर लिंबाएवढा फुगा.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फुगा म्हणजे टायरच्या आतले दोरे तुटले, आता हवा फक्त वरच्या रबराने अडवून धरली आहे. हा टायर दुरुस्त होत नाही. त्यावर 'हळूहळू चालवू' असं म्हणत एक दिवसही काढू नये. रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर लावला तर थरथरत फिरत होता, आतल्या कडेला बोटभर चीर. "ठोकून देतो, कळणारसुद्धा नाही," असं एका दुकानात म्हणाले. मी गाडी तिथून उचलली.

मग पुढचा महिनाभर मी टायर याच विषयावर वाचत, मोजत आणि दुकानं फिरत होतो. रुंद टायर मला हवेच होते. ही गाडी मागच्या चाकांवर चालते, एका रांगेतल्या सहा सिलिंडरचं इंजिन आहे, आणि भेरूघाट चढताना वळणातून बाहेर पडत जरा पाय दाबला की ट्रॅक्शनचा, म्हणजे चाक घसरतंय हे सांगणारा, पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. चारही बाजूंना २२५ घालून गाडी शहाण्यासारखी चालली असती, पण मग ही गाडी कशाला घ्यायची?

माझा गोंधळ झाला होता तो एवढाच, की 'रुंद' आणि 'मोठं' ही एकच गोष्ट आहे असं मी धरून चाललो होतो. कुठल्याही दुकानात रुंद टायर मागा, लगेच १८ किंवा १९ इंची रिम पुढे येतो. आकडे मांडून बघितले तेव्हा डोळे उघडले. २५५/३० आर १९ या टायरमध्ये साइडवॉलची उंची २५५ च्या ३० टक्के, म्हणजे ७६.५ मिलिमीटर. २५५/४० आर १७ मध्ये तीच १०२ मिलिमीटर. रुंदी तीच. चाकाचा एकूण व्यास पहिल्यात ६३५.६, दुसऱ्यात ६३५.८ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटरला काही फरक पडत नाही. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये मात्र एक इंच जास्त रबर आणि हवा येते. आमच्या शहरात हा एक इंच म्हणजे सगळं काही.

माझे बाबा आयुष्यभर रस्त्यांच्या कामात होते. त्यांनी माझ्या आकड्यांचा कागद बघून लगेच माळव्याच्या काळ्या मातीचा विषय काढला. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते, वरचा रस्ता कितीही चांगला बांधा, खालची जमीन दर वर्षी हलणार. म्हणून डांबरावर लाटा येतात, सिमेंटच्या फळ्यांचे सांधे वरखाली होतात. "तू टायर बदल, माती बदलणार नाही," म्हणाले. पिथमपूरला गाड्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा गुळगुळीत ट्रॅक आमच्यापासून तासाभरावर आहे, पण माझी गाडी राजमोहल्ला, महूनाका, सिमरोल अशी फिरते.

आणखी एक गैरसमज माझा मलाच दूर करावा लागला. रुंद टायर घातला म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकतं, असं सगळे म्हणतात. तसं फारसं होत नाही. गाडीचं वजन तेच आणि हवेचा दाब तोच असेल तर टेकणारा ठसा जवळपास तेवढाच राहतो. त्याचा आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. वळणात हा आडवा ठसा जास्त चांगला धरतो, म्हणून स्पोर्ट्स कारला रुंद टायर देतात. साचलेल्या पाण्यात तोच आडवा ठसा जास्त पाणी अंगावर घेतो. पकड खरी येते ती रबराच्या प्रतीतून. दोनशे पंचावन्नचा टणक, स्वस्त टायर दोनशे पंचवीसच्या चांगल्या टायरसमोर टिकत नाही, हे मी आता छातीठोक सांगेन. माझ्या १९ इंची रिमवर जे टायर होते ते तसलेच होते.

शेवटी ठरलं ते असं : चारही रिम १७ इंची. पुढे ८ इंच रुंद रिमवर २२५/४५, मागे साडेआठ इंची रिमवर २५५/४०. या पिढीच्या झेड-फोरला कंपनीने हा जोड दिलेला आहे, त्यामुळे मडगार्डला घासणं, सस्पेन्शनला लागणं हे प्रश्नच उरले नाहीत. कायद्याचाही विचार होता. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीत मूळ मापदंडांबाहेरचे बदल करण्यावर बंधन आहे, आणि उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर सर्वेअर चाकांकडे आधी बघतो. कंपनीच्याच मापात राहिलं की झोप शांत लागते. मागे २६५ घालायचा मोहही झाला होता, पण २५५/४० ला साडेआठ इंच हा सर्वांत कमी चालणारा रिम आहे. त्यावर आणखी रुंद टायर चढवला तर तो आत चिमटला जातो, मधला भाग फुगतो आणि पैसे देऊन घेतलेल्या कडा नीट टेकतच नाहीत.

रिम शोधताना मात्र घाम निघाला. ई८९ ला पाच बोल्ट, १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक ७२.६ मिलिमीटर. नव्या बीएमडब्ल्यूंना ११२ चं वर्तुळ आणि ६६.६ चं भोक असतं. मध्यभागी निळा-पांढरा बिल्ला आहे म्हणून रिम आपल्या गाडीला बसेल, असं समजू नका. मला दोन ठिकाणी नव्या गाड्यांचे रिम अ‍ॅडॅप्टर लावून देतो म्हणाले. अ‍ॅडॅप्टर लावला की चाक त्याच्या जाडीएवढं बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण येतो. पुण्याहून वापरलेला मूळ सेट मिळाला, दोन रिमना किंचित खरचटलेलं, वाकलेला एकही नव्हता. मल्हारगंजात ओळखीच्या धान्यवाल्याच्या काट्यावर चाकं तोलली : १९ इंची मागचं चाक टायरसकट २४ किलो, १७ इंची २१ किलोच्या आत. एका चाकाला तीन किलो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, फिरणारं वजन, त्यामुळे खड्ड्यातून चाक वर-खाली होताना ते चांगलंच जाणवतं.

टायर मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ घेतले. जून २०२० पासून आयात टायरना परवाना लागतो, त्यामुळे २५५/४० आर १७ सारखं कमी खपाचं माप दुकानात पडून नसतं. मला पाच आठवडे थांबावं लागलं. मधल्या काळात एका दुकानाने 'आजच देतो' म्हणून दुसरे टायर काढले. मोबाईलचा टॉर्च मारून मी साइडवॉलवरची चार आकडी तारीख शोधली. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एकावर १२१९ होतं, म्हणजे २०१९ च्या बाराव्या आठवड्यातला. गोदामात इतकी वर्षं काढलेलं रबर मी वेगाच्या गाडीला लावणार नाही. चार टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून सत्तर हजारांच्या वर खर्च झाला. रिम वेगळे.

टायर बसवताना मी शेजारी उभा होतो, आणि बरं झालं उभा होतो. या टायरची नक्षी दोन्ही बाजूंना सारखी नसते, साइडवॉलवर 'आउटसाइड' असं कोरलेलं असतं आणि ती बाजू बाहेर यायला हवी. दुकानातल्या पोराने पुढचा उजवा टायर उलटा चढवला होता, हवा भरून मोकळा झाला होता. मी दाखवल्यावर तो म्हणाला, "काही फरक पडत नाही, साहेब." फरक पडतो. पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल चरा आतल्या बाजूला आणि वळणात वजन झेलणारे जाड ठोकळे बाहेर, असा त्याचा हिशेब असतो. उतरवून पुन्हा बसवून घेतला. बोल्ट एअरगनने न कसता टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला कसून घेतले.

आता चालवण्याचं.

पहिल्या दिवशी खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली. १९ इंचीवर स्टिअरिंग वळवताच नाक वळायचं. आता वळायच्या आधी एक छोटा श्वास घेतल्यासारखं वाटायचं. उंच साइडवॉल आधी स्वतः किंचित झुकते, मग गाडी वळते. आठवडाभरात हाताला सवय झाली, तरीही तो तिखटपणा गेला तो गेलाच. त्याबदल्यात भेरूघाटात जे मिळालं ते मला आधी नव्हतं. वळणात मध्येच डांबराची लाट आली की पूर्वी मागचं चाक क्षणभर उडायचं आणि पिवळा दिवा लागायचा. आता चाक जमीन सोडत नाही. त्याच वळणातून त्याच गिअरमध्ये पाय आधी दाबता येतो. मानपूरच्या उतारावर ट्रकांनी डांबरात पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. १९ इंचीवर गाडी त्या चाकोऱ्या पकडायची, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरावं लागायचं. ते आता नाहीसं झालं आहे म्हणता येईल.

हवेच्या दाबासाठी मी खडूची जुनी युक्ती वापरली. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर, आडवी जाड रेघ ओढायची, सपाट रस्त्यावर शंभर-दीडशे मीटर सरळ चालवायची, आणि बघायचं. मागे ३४ पीएसआयला रेघ मध्ये पुसली गेली, दोन्ही कडांना पांढरी तशीच. ३० ला ती पूर्ण रुंदीभर सारखी पुसली गेली. माझ्या गाडीत बहुतेक वेळा मी एकटाच असतो, म्हणून ३० वर ठेवतो; दोघं आणि सामान असलं की कंपनीच्या स्टिकरवरचा पूर्ण दाब. मे महिन्यात पारा ४३ ला गेला होता. पहाटे भरलेली ३० ची हवा दुपारी बायपासवर ३५ दाखवत होती. ती काढायची नाही. दाब थंड टायरवरच मोजायचा.

पावसाळ्यात मात्र सावध राहावं लागलं. जुलैत बायपासवर ९० च्या वेगात साचलेल्या पाण्याच्या पट्ट्यात शिरलो आणि मागची बाजू हलकी झाल्याचं कमरेला कळलं. टायर नवे होते, तरीसुद्धा. रुंद टायरचा हा स्वभाव आहे, तो नक्षीने कमी होतो, जात नाही. तेव्हापासून पाणी दिसलं की ७० च्या खाली. झिजल्याची खूण टायरमध्ये चरांची खोली १.६ मिलिमीटर उरते तिथे असते, पण मागे ३ मिलिमीटर उरले की मी पावसाळ्याआधीच बदलणार.

झिजेचा धडा नवव्या महिन्यात मिळाला. बाहेरून टायर छान दिसत होते. सर्व्हिसच्या वेळी गाडी वर उचलली तेव्हा मागच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा दीड मिलिमीटर जास्त गेलेली निघाली. मागच्या चाकांना कंपनीनेच थोडा कॅम्बर दिलेला असतो, वरची बाजू किंचित आत झुकलेली. त्यात अलाइनमेंट जरा बिघडली की रुंद टायर आतून खाल्ला जातो आणि उभ्याने बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पुढचे-मागचे टायर मापाने वेगळे, त्यामुळे पुढचे मागे घालून झीज वाटून घेण्याची सोयही नाही. आता दर पाच हजार किलोमीटरला अलाइनमेंट तपासतो, आणि महिन्यातून एकदा जमिनीवर आडवा होऊन टॉर्चने आतली कड बघतो.

स्टेपनी या गाडीत नाहीच. मूळ टायर रन-फ्लॅट असतात, हवा गेली तरी ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं. मी साधे टायर घेतले, कारण रन-फ्लॅटची साइडवॉल दगडासारखी कडक, आणि मग उंच साइडवॉल घेऊन उपयोग काय. किंमत मोजली ती डिसेंबरात, धामनोदच्या अलीकडे रात्री नऊला खिळा घुसला तेव्हा. सोबत पंक्चर बुजवायच्या प्लगची किट आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर होता, अर्ध्या तासात निघालो. दोन्ही नसतील तर साधे टायर घालून शहराबाहेर जाऊ नका.

त्या रात्री मी बाबांना घेऊन महेश्वरहून परत येत होतो. १९ इंचीवर ते एकदाच बसले होते, महूपर्यंत, आणि नंतर दोन दिवस कंबर धरून होते. या वेळी जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर झाले, मध्ये पंक्चर. ते रस्त्याच्या कडेला टॉर्च धरून उभे होते, मी प्लग दाबत होतो. घरी उतरताना दार धरून न थांबता सरळ उठले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी मांडूला जाऊ."

मागचे टायर आता बाहेरून ५.२, आतून ३.७ मिलिमीटर आहेत. याच मापाची, याच टायरची पुढची जोडी एप्रिलमध्ये सांगून ठेवणार आहे, म्हणजे पाच आठवडे लागले तरी जूनच्या आधी हातात येईल.