पॅच कॉर्ड मागवताना: सिंगल मोड की मल्टिमोड, निळं टोक की हिरवं?

नेटवर्कचा नवीन स्विच घ्यायचा असला की लोक तीन-तीन कोटेशनं मागवतात. पॅच कॉर्डसाठी, म्हणजे स्विचला जोडायच्या फायबरच्या छोट्या तयार केबलसाठी मात्र ‘फायबर पॅच कॉर्ड, ३ मीटर, १० नग’ एवढं लिहून मोकळे होतात. स्विच वेळेवर येतो, रॅकमध्ये चढतो, आणि काम अडतं ते या कॉर्डपाशी.

माझंही असंच एकदा पुण्याजवळ भोसरीत अडलं होतं. ऑफिस आणि मागची शेड यांच्यामध्ये सहा कोअरची (सहा फायबरची) सिंगल मोड, म्हणजे बारीक गाभ्याची, केबल आधीच टाकलेली होती. दोन्ही टोकांना एलआययू, म्हणजे केबल जिथे संपते ते डबे होते आणि त्यात निळे एससी कपलर (दोन टोकं समोरासमोर धरणारे). एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, म्हणून स्विच बदलायचं काम गुरुवारी ठेवलं. ‘एससी-एलसी, सिंगल मोड, ड्युप्लेक्स’ अशी ऑर्डर मी फोनवर दिली. एससी, एलसी हे कनेक्टरचे प्रकार; ड्युप्लेक्स म्हणजे दोन फायबरची जोडी. बुधवारी संध्याकाळी पाकीट उघडलं तर एससीचं टोक हिरवं. सुपरवायझर म्हणाला, “दादा, खटकन बसतंय की!” बसत होतंच. दुसऱ्या दिवशी लिंकचा दिवा लागला, पाच मिनिटांनी गेला, परत लागला. शेवटी सगळं जुन्या जोडणीवर आणलं आणि काम पुढच्या गुरुवारवर गेलं. पाठवणाऱ्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. टोक एपीसी पद्धतीने घासलेलं हवं की यूपीसी, हे मी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुलना इथूनच सुरू करतो. यूपीसीचं टोक, म्हणजे निळं, जवळजवळ सपाट घासलेलं असतं. एपीसीचं, म्हणजे हिरवं, ८ अंशांच्या उतारावर घासतात. टोपण काढून फेरुल (टोकाची बारीक नळी) ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवलं की तो उतार नुसत्या डोळ्यांनाही जाणवतो. या उतारामुळे परत फिरणारा प्रकाश कोअरमधून (फायबरच्या मधल्या गाभ्यातून) मागे न जाता बाजूला निघून जातो. रिटर्न लॉस (परत फिरणारा प्रकाश किती दबतो ते, जास्त तितकं बरं) यूपीसीला साधारण ५० डीबी मिळतो, एपीसीला ६० च्या आसपास. त्यामुळे एपीसी सरसकट चांगलं असं वाटू शकतं. पण सपाट आणि उतरतं टोक समोरासमोर आलं की मध्ये हवेची फट राहते, लॉस (प्रकाशाची घट) वाढतो आणि काचेवर ओरखडे पडण्याची भीती वेगळीच. कपलरमध्ये दोन्ही बसतात, हाच खरा धोका.

निवडीला फारसा वाव नसतोच. घराघरांत येणाऱ्या फायबरच्या डब्यावरचं पोर्ट बहुधा हिरवं असतं, तिथे एससी/एपीसी. स्विचच्या एसएफपीला (स्विचमध्ये खोचायच्या फायबरच्या मॉड्यूलला) एलसी/यूपीसी. एका बाजूला निळं आणि दुसऱ्या बाजूला हिरवं अशी कॉर्डही सर्रास मिळते, फक्त ती तशी मागावी लागते.

आता मोठा प्रश्न, सिंगल मोड की मल्टिमोड. जुनी केबल वापरायची असेल तर उत्तर केबलनेच दिलेलं असतं. सिंगल मोडचा कोअर सुमारे ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ चा. मोठ्या कोअरमधला प्रकाश छोट्यात शिरताना बहुतेक बाहेरच सांडतो. कॉर्डचा रंग पाहून अंदाज येतो: पिवळी सिंगल मोड, फिकट निळसर-हिरवी ओएम३ किंवा ओएम४ (मल्टिमोडच्या नव्या प्रती), नारिंगी जुनी मल्टिमोड. पण नारिंगीत ओएम१ आणि ओएम२ दोन्ही सापडतात, म्हणून आवरणावरची छपाई वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ वर १ गिगाबिट व्यवस्थित चालतं, १० गिगाबिट मात्र जेमतेम ३३ मीटर.

नवीन काम असेल तर विचाराला जागा आहे. १० गिगाबिटसाठी ओएम३ वर ३०० मीटर मिळतात, ओएम४ वर ४००. सिंगल मोडवर एलआर (लांब पल्ल्याचं) एसएफपी लावलं की १० किलोमीटर. सिंगल मोडची केबल स्वस्त, मल्टिमोडचं एसएफपी स्वस्त, असं हे गणित आहे. एकाच खोलीतल्या रॅक ते रॅक भरपूर जोडण्या असतील तर ओएम४ परवडतं. दोन शेड, दोन मजले, गेटवरचे कॅमेरे, सोसायटीचे विंग अशा कामात मी डोळे झाकून सिंगल मोड सांगतो. जमिनीखाली गेलेली केबल पुन्हा उकरायची वेळ येऊ नये, एसएफपी काय, कधीही बदलता येतं.

एलसी की एससी यावर फार डोकं शिणवू नका, समोरचं पोर्ट जे मागेल ते द्या. एलसीचं फेरुल १.२५ मिलिमीटरचं, एससीचं २.५ चं, त्यामुळे दाटीच्या पॅनलला एलसी बरं. एकाच फायबरवर चालणारं बीआयडीआय एसएफपी असेल तर ड्युप्लेक्स नव्हे, सिम्प्लेक्स (एकेरी) कॉर्ड लागते.

लांबी मात्र टेपने मोजा. रॅकच्या कडेने वर-खाली जाणारा रस्ता सरळ अंतराच्या दुप्पटही भरतो. खबरदारी म्हणून १० मीटर घेऊन उरलेल्याचं वेटोळं झिप टायने आवळलेलं मी कितीदा पाहिलंय. साध्या जी.६५२.डी फायबरची वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. वळण सोसणाऱ्या जी.६५७.ए१ ला १० चालते, ए२ ला ७.५. अडचणीच्या जागी ए२ घ्या आणि बांधायला वेल्क्रो वापरा. आवरण माणसं बसतात तिथे एलएसझेडएच घ्या, जळालं तर धूर कमी होतो. उंदरांचा वावर असेल तर आर्मर्ड (आत धातूचं कवच असलेली).

तयार कॉर्ड की जागेवर बसवलेला फास्ट कनेक्टर? घरगुती जोडणीला फास्ट कनेक्टर ठीक. कंपनीच्या मुख्य लिंकवर पिगटेल (एकाच टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) स्प्लाइस करा, म्हणजे वितळवून जोडा, आणि पुढे कारखान्यात पॉलिश केलेली कॉर्ड लावा. नेहमीच्या जोड्या पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजारात हातात घेऊन बघता येतात. वेगळी जोडी किंवा लांबी हवी असेल तर बनवून घ्या आणि प्रत्येक नगाचा टेस्ट रिपोर्ट मागा. इन्सर्शन लॉस (जोडणीत होणारी प्रकाशाची घट) ०.३ डीबीच्या आत हवा.

ऑर्डर लेखीच द्या, अशी: ‘एलसी/यूपीसी ते एससी/यूपीसी, सिंगल मोड ओएस२, जी.६५७.ए१, ड्युप्लेक्स, २ मिलिमीटर, एलएसझेडएच, ३ मीटर, १० नग.’ ओएस२ ही सिंगल मोडची प्रत, २ मिलिमीटर ही कॉर्डची जाडी. सोबत दोन्ही बाजूंच्या पोर्टचे फोटो पाठवा.

माल आला की बदलाच्या दिवसाची वाट न पाहता पाकिटं उघडा. टोपणाखालचं टोक नवीन म्हणून स्वच्छ असेलच असं नाही. फायबरचं टोक तपासायच्या स्कोपखाली धरलं की करड्या वर्तुळावर धुळीचे कण किंवा बोटाचा तेलकट ठसा दिसतो. क्लीनर पेनने पुसून पुन्हा बघा, मगच खोचा. आणि दोन नग जास्त मागवा, एक-एक दोन्ही रॅकच्या दाराला, टोपणासकट, चिठ्ठी लावून.