“आमच्याकडून बरोबर जातंय”: नेटवर्क टॅबचा काही महिन्यांचा अनुभव

आमचं ऑफिस छोटं. ऑर्डर आणि पावत्यांचं एक वेब अ‍ॅप चालवतो, मागे सर्व्हरवर पीएचपी, पुढे ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट. सर्व्हरवाला म्हणतो, “आमच्याकडून बरोबर जातंय.” स्क्रीनवाला म्हणतो, “इकडे येतच नाही.” शेवटी नियम केला, की भांडायचं ते ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून. पान आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण तिथे ओळीओळीने दिसते. मुख्य वापर क्रोमचा, जोडीला फायरफॉक्स.

उघडल्याउघडल्या ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा. नाहीतर पान बदललं की यादी साफ, आणि गोची नेमकी फॉर्म पाठवून पान बदलतानाच झालेली असते. ‘डिसेबल कॅश’ही टिक करा, म्हणजे ब्राउझर साठवलेली जुनी प्रत वापरत नाही; ते टूल्स उघडी असेपर्यंतच लागू असतं. मग ‘फेच/एक्सएचआर’ (जावास्क्रिप्टने सर्व्हरकडे पाठवलेल्या रिक्वेस्ट) फिल्टर, म्हणजे फोटो-फॉन्टची गर्दी हटते.

सगळ्यात जास्त वेळ वाचला तो एका जुन्या दुखण्यात. कन्सोलवर (टूल्समध्येच एरर दिसतात तो भाग) एरर येतो की पहिलंच चिन्ह चुकीचं आहे, हे जेसन (सर्व्हर माहिती पाठवतो तो मजकुराचा साचा) नाही. रिस्पॉन्स टॅब उघडला तर आत खरंच जेसन नसतं, लॉगिनचं अख्खं एचटीएमएल पान असतं. सेशन (लॉगिनची मुदत) संपलेलं, सर्व्हरने ३०२ (‘दुसरीकडे जा’) देऊन लॉगिनकडे पिटाळलेलं, फेच मुकाट तिकडे जाऊन २०० (‘सगळं ठीक’) घेऊन परत आलेला. कोडमध्ये फक्त २०० दिसतो, यादीत मात्र ३०२ आणि २०० अशा दोन्ही ओळी दिसतात. कधी त्याच एररमागे पीएचपीची वॉर्निंग निघते, जेसनच्या आधी छापलेली. फेचची आणखी एक खोड म्हणजे ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरची चूक) आला तरी कोड कॅचमध्ये, म्हणजे एरर हाताळणाऱ्या भागात, जात नाही; उत्तरातलं ‘ओके’ आपणच तपासायचं.

आता प्रत्येक रिक्वेस्टचे प्रीव्ह्यू आणि रिस्पॉन्स हे टॅब. दोन्ही एकच दाखवतात असं वाटतं, पण तसं नाही. प्रीव्ह्यू जेसन वाचून, उलगडून दाखवतो; रिस्पॉन्समध्ये सर्व्हरने पाठवलेला मजकूर असतो. आमच्या एका पावतीचा आयडी सर्व्हरकडे शेवटी ३ असलेला, स्क्रीनवर शेवटी २. प्रीव्ह्यूतही २, म्हणून सर्व्हरवाल्यावर खापर फुटलं. रिस्पॉन्समध्ये स्पष्ट ३ होता. जावास्क्रिप्टचा साधा आकडा ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा, त्यापुढे शेवटचे अंक सरकतात. उपाय एका ओळीचा, सर्व्हरने आयडी स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, म्हणून पाठवायचा. मराठी नावांचं मात्र उलटं. पीएचपी देवनागरी अक्षरांचे युनिकोड कोड करून पाठवतं, त्यामुळे रिस्पॉन्समध्ये आकड्यांची माळ दिसते आणि प्रीव्ह्यूत नीट नाव. ते बघून घाबरू नका. वाद आकड्याचा असेल तर मात्र रिस्पॉन्सच खरा धरा.

फायरफॉक्समधलं ‘एडिट अँड रीसेंड’ मला फार आवडतं. रिक्वेस्टमधलं एक फील्ड बदलून तिथल्या तिथे पुन्हा पाठवता येते. क्रोममध्ये मी ‘कॉपी अ‍ॅज कर्ल’ करून, म्हणजे रिक्वेस्ट ‘कर्ल’ कमांडच्या रूपात कॉपी करून, टर्मिनलवर चालवतो. क्रोम ११७ पासून उत्तरच बदलून बघायची सोय आहे. सर्व्हरला हात न लावता रिकामी यादी आली तर स्क्रीन कशी मोडते, हे तिथेच कळतं. पोस्टमनमध्ये (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवून बघायचं साधन) चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही, अशी तक्रार आली तर आधी ऑप्शन्स रिक्वेस्ट (ब्राउझर आधी परवानगी विचारतो ती) शोधा. कॉर्सचा, म्हणजे एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटकडून माहिती कधी घ्यायची याचा, नियम ब्राउझर पाळतो, पोस्टमनला त्याचं सोयरसुतक नाही.

हार फाइल, म्हणजे नेटवर्क टॅबची अख्खी नोंद एक्सपोर्ट केलेली फाइल, कुणालाही देऊ नका. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट सिस्टिममधून ग्राहकांच्या अशाच फाइल्स चोरीला गेल्या आणि त्यातल्या सेशन टोकनांचा (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण) गैरवापर झाला. क्रोम १३० पासून एक्सपोर्ट करताना कुकी आणि ऑथरायझेशन हेडर आपोआप गाळले जातात. उत्तरातला ग्राहकाचा फोन नंबर तसाच राहतो, हे लोक विसरतात.

उणिवाही आहेत. ‘वेटिंग’ची, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची, हिरवी पट्टी लांबलचक दिसली तरी सर्व्हर आत काय करत होता ते कळत नाही, तिथे सर्व्हरचे लॉगच वाचावे लागतात. रिक्वेस्ट कोडच्या कुठल्या ओळीतून निघाली ते सांगणारा ‘इनिशिएटर’ कॉलम उत्तम, पण मिनिफाय केलेल्या (दाबून लहान केलेल्या) कोडला सोर्स मॅप, म्हणजे मूळ कोडशी जोडणारी फाइल, नसेल तर निरुपयोगी. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कॉलमांची दाटी होते, मी टूल्स वेगळ्या खिडकीत काढतो. वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) आमच्या अ‍ॅपमध्ये नाही, त्यामुळे त्याच्या मेसेजेसबद्दल वापरणाऱ्यांनीच लिहावं.