चिलिकाच्या पाण्यासाठी जाळी की बाटली?

दांडिया बाजारातली माझी भाची ओडिशातल्या चिलिका सरोवरातल्या सूक्ष्मजीवांवर प्रकल्प करतेय. पावसाळ्यात तिथे दया, भार्गवी नद्यांचं गोडं पाणी शिरतं, उन्हाळ्यात खारटपणा चढतो, आणि जीवही बदलतात. "मावशी, प्लवकजाळी नेऊ की बाटली?" तिने विचारलं. प्लवकजाळी म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव गाळून घ्यायची बारीक जाळी.

बाटली आणि ल्यूगॉल आयोडीन (जीव मारून टिकवून ठेवणारं द्रावण) स्वस्तात होतं. जाळी महाग, वर दर वेळी धुणं.

खरा फरक सापडतं काय यात आहे. 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या छिद्रांच्या जाळीतून बारीक शैवाल निसटतं. पण रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म प्राणी, जिवंत मिळतात. त्यांच्या डोक्यावरचे केस चाकासारखे फिरताना दिसले की माझी नजर हलत नाही! बाटलीत बारीकसारीकही राहतं, मात्र मेलेलं, तपकिरी. दिवसभर तळाशी बसू द्यावं लागतं.

मोजणी करायची तर बाटलीच. हालचाल बघायची तर जाळी.