बारा आर्किटाइप घ्यायचे की नायकाचा प्रवास? छोट्या ब्रँडवाल्यांसाठी

स्वतःचा ब्रँड काढताय आणि आर्किटाइप, म्हणजे गोष्टींत पुन्हापुन्हा भेटणारे नायक, विदूषक, काळजी घेणारी असे स्वभावाचे साचे वापरायचेत, तर आधी एक गोंधळ काढून टाकते. सगळीकडे ‘युंगचे बारा आर्किटाइप’ म्हणून जी यादी फिरते ती युंगने केलेली नाहीये. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने सामूहिक नेणिवेचं (सगळ्या माणसांत सारखं असलेलं नकळत मन), छायेचं (स्वतःतलं आपण लपवतो ते), मुखवट्याचं (जगाला दाखवतो तो चेहरा) सांगितलं, बाराचा आकडा त्याचा नाही. ब्रँडला लावायची बाराची यादी मार्गरेट मार्क आणि कॅरल पिअर्सन यांच्या २००१ च्या पुस्तकातून रुळली. नायकाचा प्रवास हा गोष्टीचा साचा तिसऱ्याचाच, पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलचा, १९४९ चा: घर सोडणं, कसोटी, परत येणं. दिग्दर्शक जॉर्ज लुकासने १९७७ च्या स्टार वॉर्स सिनेमासाठी त्याचाच आधार घेतला.

आता निवडायचं कसं? बाराची यादी तुमचा आवाज ठरवते, म्हणजे पाकिटावर काय लिहायचं, तक्रार आली तर कसं बोलायचं वगैरे. अमूलची मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर कोट्या करतेय, ती बारातली विदूषक, म्हणून तिला आजच्या बातमीवरही बोलता येतं. लिज्जत पापड मला बारातला ‘आपल्यातलाच माणूस’ वाटतो, १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम, तिथे राजेशाही थाट शोभलाच नसता.

प्रवास मात्र घटनांची रांग लावतो. दोन मिनिटांची फिल्म करायचीय, स्वतःची कहाणी सांगायचीय, किंवा कथा कादंबरी लिहिताय, तर तो घ्या. फक्त जाहिरातीत नायक गिऱ्हाईक असतं, आपण नाही, आपण वाटेत भेटणारा जाणता माणूस. नाइकी या बुटांच्या कंपनीचं १९८८ चं ‘जस्ट डू इट’ बघा ना, त्यात बुटाचं कौतुकच नाहीये, धावणाऱ्यालाच हाक मारलीय.

माझ्याकडे एक ताई घरगुती भाजणीचं पाकीट घेऊन आल्या होत्या, वर लिहिलेलं ‘स्वयंपाकघर जिंका!’ कुणीतरी त्यांना नायक आर्किटाइप घ्यायला सांगितलेला. अहो, भाजणीबद्दल असं कोण बोलतं? त्या बोलायला लागल्या की नुसती काळजी, मुलं उपाशी जाऊ नयेत, पीठ कडू लागू नये. मग आम्ही मागे साधं लिहिलं, ‘सकाळची घाई आहे ना, कांदा चिरा, कोमट पाण्यात भिजवा, तव्यावर थापा.’ काळजी घेणारी, तोच त्यांचा खरा आवाज होता.

त्यामुळे छोट्या धंद्याला माझं मत आधी बारातला एकच निवडा, प्रवास नंतर, फिल्म करायची वेळ येईल तेव्हा. कथा लिहिणाऱ्यांनी मात्र बाराच्या यादीत अडकू नका, पात्रं चौकटीत बसवली की सपाट होतात, त्यांना युंगची छाया जास्त कामाची, नायक स्वतःतलं काय लपवतोय ते शोधा.

आणि दोन आर्किटाइपमध्ये अडलात तर ‘पार्सल दोन दिवस उशिरा येईल’ हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दोन्ही आवाजांत टाइप करून बघा, जो न अडखळता लिहून होईल तो घ्या.