लाविडा: शांघायमधली आमची घरची गाडी

शांघायला राहायला आल्यापासून आम्ही फोक्सवॅगनची लाविडा वापरतोय, आणि खरं सांगते, फॅमिलीसाठी एकदम मस्त गाडी आहे, मागे भरपूर जागा, आईंचे गुडघे दुखतात तरी त्या पाय मोकळे सोडून आरामात बसतात. 2008 मध्ये खास चीनसाठी आणलेली ही गाडी. डिकीवर डावीकडे बघा, चिनी अक्षरात 'शांगची दाझोंग' लिहिलेलं असतं, शांगची म्हणजे एसएआयसी, इथली सरकारी गाडी कंपनी, आणि दाझोंग म्हणजे जनता, फोक्सवॅगनचं चिनी नाव, म्हणजे या दोघांची भागीदारीतली कंपनी. 1984 ला करार झाला, सुरुवात फोक्सवॅगनच्या सांताना या गाडीपासून. परदेशी कंपनीला निम्म्याहून जास्त हिस्सा मिळायचाच नाही, ती अट प्रवासी गाड्यांसाठी पूर्ण उठली थेट 2022 मध्ये, त्यामुळे तेव्हा इथे शिरायचं तर जोडीदार लागायचाच! फोक्सवॅगनची अजून एक भागीदारी आहे ईशान्य चीनमधल्या चांगचुन शहरातल्या एफएडब्ल्यू या गाडी कंपनीशी, 1991 पासून, आणि त्यांची बोरा ही गाडी म्हणजे लाविडाची सख्खी बहीणच, फक्त शोरूम वेगळं. त्यामुळे घ्यायच्या आधी दोन्हीकडे जाऊन भाव काढा, दोन्ही चालवून बघा. आम्ही आईंना मागे बसवूनच ठरवलं.