अक्कलकोट रस्त्याला लॉज की नान्नजला शेतावर मुक्काम?

पर्यटनाच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा अक्कलकोट रस्त्याचं लॉज येतं. घरची शेती सोलापूरजवळच्या नान्नजकडे असेल, तर तिथंच दोन-तीन खोल्या काढाव्यात का, हाही विचार करून बघा.

लॉजला गिऱ्हाईक बारमाही. गुरुवार, पौर्णिमा, स्वामींचा प्रकटदिन, दत्तजयंती. पण अक्कलकोट सोलापूरपासून जेमतेम 40 किलोमीटर. बरेच जण दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात, राहिले तर भक्तनिवासात उतरतात आणि महाप्रसादाला अन्नछत्रात जातात. त्यामुळे जेवणावरची कमाई हिशेबात धरू नका. पाण्याचं मात्र आधी मांडा. वर्षाला 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला जिल्हा, आणि दहा खोल्यांच्या अंघोळी, रोजची चादरींची धुणी. बोअर आटलं की टँकर.

नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य 1979 सालचं. ‘माळढोक दाखवतो’ असं सांगून मात्र कुणाला बोलावू नका, तो आता अगदी क्वचित दिसतो. काळवीट दिसतात, धाविक, चंडोल असे पक्षी दिसतात, नशीब असेल तर लांडगा.

पैसा खरा हुरड्याचा, डिसेंबर ते फेब्रुवारी. आगटीतलं कणीस काढायचं, राख झटकून तळहातावर चोळायचं, कोवळे गरम दाणे आणि सोबत शेंगाचटणी. ज्वारी तुमची, शेंगा तुमच्या, भाकरी थापणारी बाई शेजारची. रुपया गावातच फिरतो. (सोनाका द्राक्षाची जातही याच नान्नजची, तीही पाहुण्यांच्या हातात ठेवा.)

उन्हाळ्यात इकडे कोणी फिरकत नाही. पावसाळ्यात माळावर माणसं नेणं तुम्हीच टाळा. त्याच दिवसांत माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. वाट सोडून गेलेलं एक चाक पुरतं. डीजे आणि रात्रीचे झगझगीत दिवे तर बिलकूल नकोत.

कर्ज काढणार असाल तर नान्नज नको, तीन महिन्यांच्या हंगामावर बारा हप्ते निघत नाहीत. मग लॉजच करा, पण छतावरचं पाणी बोअरमध्ये जिरवा. शेती चालू असेल आणि कर्ज नसेल, तर मी नान्नजच सांगेन: खोली रिकामी राहिली तरी जोंधळा उभा असतो, आणि चार पाहुणे आले की गावालाही माळ राखावासा वाटतो.

जमीन अभयारण्याच्या हद्दीत येते का, हे आधी वनविभागात विचारा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालचं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पहिल्या वर्षी खोली बांधूच नका. नुसता हुरडा करा, पुढच्या थंडीत किती घरं परत येतात ते बघा, मग विटा मागवा.