कोल्हापुरात बेसबॉल शिकायचाय? रविवारच्या बिगिनर बॅचचा माझा रिव्ह्यू

गावात रविवारी सकाळी बेसबॉलची एक बिगिनर बॅच चालते, भाचीला सोडायला जायचंच होतं तर म्हटलं आपण पण नाव घालू, मोठ्यांना पण घेतात. बॅचचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि सर आता ओळखीचे झालेत. फी महिन्याला हजाराच्या आत, ग्लोव्ह आणि बॅट तिथलीच वापरायची, शूज तेवढे आपले न्या.

आता कोल्हापुरात बेसबॉल म्हटलं की लोक पहिलं विचारतात कशाला, पेठेत फुटबॉल आहे, तालमीत कुस्ती आहे, उरलेल्या जागेत क्रिकेट आहे, ह्यात हे कुठं बसवायचं. बरोबर आहे. पण मला ह्या बॅचमधली जी गोष्ट लई आवडली ती म्हणजे सर सुरुवातीला बॅटला हातच लावू देत नाहीत. पोरं (आणि मोठे पण) बॅट फिरवायलाच आलेली असतात, त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात, पण सर ऐकत नाहीत, आधी थ्रो आणि कॅच, ते जमलं की पुढं.

थ्रो शिकवायची पद्धत एक नंबर आहे. बॉल 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे आपल्या लेदर बॉलपेक्षा थोडा हलकाच, पण शिवण एकदम वेगळी, क्रिकेटच्या बॉलची मधून सरळ पट्ट्यात जाते आणि ह्याची घोड्याच्या नालेसारखी वळत जाते, 108 दुहेरी टाके. त्या वळणावर पहिली दोन बोटं आडवी टाकायची, अंगठा खाली, आणि तळहात बॉलला चिकटवायचा नाही, मध्ये फट ठेवायची. ह्याला फोर सीम ग्रिप म्हणतात आणि असा टाकला की बॉल वाकडातिकडा न जाता सरळ जातो. मग ग्लोव्हवाला खांदा समोरच्याकडं, पाय टाकायचा, कोपर खांद्याच्या लेव्हलला आणि फेकून झाल्यावर हात मधेच थांबवायचा नाही, खाली पार पलीकडच्या गुडघ्यापर्यंत जाऊ द्यायचा. सर प्रत्येकाचं कोपर स्वतः धरून वर करतात. आपण गल्लीत साईडआर्म फेकून फेकून खांदा कामातनं घालवलेला असतो ते इथं कळतं.

कॅच म्हणजे अजून मजा. क्रिकेटवाला माणूस ग्लोव्ह घातला तरी बॉल तळहातावरच घेतो, आणि मग हात झिणझिणतो. बॉल अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जाळीत घ्यायचा, कमरेच्या वर आला तर बोटं आभाळाकडं, खाली आला तर जमिनीकडं, आणि दुसरा हात लगेच बॉलवर, म्हणजे सुटत पण नाही आणि पुढचा थ्रो पण पटकन निघतो. ग्लोव्ह कुठल्या हातात हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, फेकायचा हात मोकळा पाहिजे म्हणून ग्लोव्ह दुसऱ्या हातात.

इथंच माझी पहिली तक्रार. बॅचमधले सगळे ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे आहेत. भाची डावरी, तिला उजव्या हातात बसणारा ग्लोव्ह पाहिजे, तो नाहीच. बिचारी कॅच घेते, ग्लोव्ह काढते आणि मग फेकते, तोपर्यंत समोरचा रनर घरी जाऊन चहा पिऊन येईल. सरांना दोनदा सांगितलं, बघतो म्हणाले.

दुसरी तक्रार हेल्मेटची आणि ही सिरियस आहे. बॅटिंगला पोरं बरीच आणि हेल्मेट एकच. टीवर (बॉल ठेवायचा उभा दांडा) बॉल ठेवून मारताना चालेल एकवेळ, पण सर बॉलिंग टाकायला लागले की (पिचिंग म्हणायचं, तोंडात बसत नाही अजून) पुढच्या नंबरची पोरं अगदी जवळ उभी असतात, सर ओरडतात मागं व्हा मागं व्हा, पण चुना टाकून एक रेघ मारली तर ओरडायलाच लागणार नाही. पालकांनी हे बघून मगच पोराला पाठवा.

बॅटिंगमध्ये क्रिकेट आडवं येतं. बॉल टप्पा पडायची वाट बघत आपण थांबतो आणि तो डायरेक्ट फुलटॉस येऊन मागं कॅचरकडं जातो. सरळ बॅटने ड्राइव्ह मारायची सवय असलेले दादा लोक तर बघवत नाहीत, इथं कंबर फिरवून बॅट आडवी आणायची असते. आणि मारल्यावर बॅट टाकून पळायचं, आमच्यातले निम्मे बॅट घेऊनच पळाले, एकाने तर बेसवर (पळत जाऊन गाठायची चौकोनी गादी) बॅट टेकवली पण. फेअर एरियात (दोन्ही बाजूच्या रेघांच्या आत) मारलं की पळायलाच लागतं, उभं राहायचा चान्स नाही. पहिल्या बेसवर मात्र ब्रेक न मारता सरळ पुढं पळत गेलं तरी चालतं, हे पोरांना लगेच आवडलं.

अंतर सरांनी लहान ठेवलंय हे चांगलं केलंय. मोठ्यांच्या खेळात बेस 90 फुटांवर असतात, आमच्याकडं 60, लहान पोरांच्या लिटल लीगमध्ये असतात तेवढेच, म्हणजे क्रिकेटच्या पिचपेक्षा जरा कमीच. दहा वर्षांची पोर पण थ्रो पोचवते.

नियम समजावण्यात मात्र सर कमी पडतात. तीन स्ट्राइकला (बॅट फिरवून हुकलेला किंवा सोडून दिलेला चांगला बॉल) आऊट, चार 'बॉल' (बाहेर टाकलेले, बॅट न फिरवलेले) झाले की फुकट पहिला बेस, इथपर्यंत ठीक, पण कधी बॉल हातात घेऊन नुसता बेसला पाय लावून आऊट आणि कधी रनरला टॅग करायचं (बॉल त्याच्या अंगाला लावायचा) ह्यात पोरं शेवटपर्यंत गोंधळलेली. मागनं दुसरा रनर येतोय म्हणून पुढच्याला जागा सोडायलाच लागते तेव्हा नुसता बेस पुरतो, नाहीतर टॅग, एवढंच आहे ते. मातीत काठीने काढून दाखवलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं, सर खेळता खेळता तोंडी सांगतात आणि कुणी ऐकत नाही.

गप्पा मात्र भारी मारतात. रिंकू सिंग आणि दिनेश पटेलची गोष्ट त्यांनीच सांगितली (केकेआरचा रिंकू नव्हे, दुसरा), दोघं यूपीचे भालाफेकवाले, 2008 मध्ये टॅलेंट शोमधून निवडले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी (अमेरिकेतली बेसबॉल टीम) साइन केले. त्यातला रिंकू पुढं डब्ल्यूडब्ल्यूईत वीर महान म्हणून उतरला, ह्यावर पोरांचा विश्वासच बसेना. 2028 च्या ऑलिंपिकला बेसबॉल परत आहे हे पण पालकांना दर रविवारी ऐकवलं जातं.

स्वतःची बॅट घ्यायच्या भानगडीत लगेच पडू नका. मी दुकानात बेसबॉल बॅट मागितली तर मालकाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच विचारलं, कुणाशी काय झालंय का. बॉल पण द्या म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. घ्यायचाच तर आधी ग्लोव्ह घ्या, नवीन लेदर कडक असतं, रात्री आत बॉल ठेवून दोरीने बांधून ठेवा, हळूहळू खळगा पडतो.

पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, बॅच बंदच धरा, दिवाळीनंतर जॉइन व्हा. पाचपैकी साडेतीन स्टार, हेल्मेट आणले तर चार देतो. आणि डावऱ्या पोरांचा ग्लोव्ह कोल्हापूर-सांगलीत कुठं मिळत असेल तर खाली सांगा रे, ऑनलाइन साइजचा अंदाज येत नाही.